वहीत न लिहिलेलं वाचन

सहावीत असताना शाळेने आम्हा सगळ्यांना एक वही दिली होती. वाचनाची वही. प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेले: तारीख, पुस्तकाचं नाव, किती पानं वाचली, काय शिकायला मिळालं, आणि शेवटी पालकांची सही. दर शनिवारी ती तपासली जायची. मी दोन वर्षं ती वही नेमाने भरली, पण तिच्यात नोंदवलेली निम्मी पुस्तकं मी वाचलेलीच नव्हती. मलपृष्ठावरच्या चार ओळी वाचल्या की चौथा रकाना भरता येतो, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रामाणिकपणा, जिद्द, मैत्रीचं महत्त्व, एवढ्यावर आमचं वर्ष निघायचं. सातवीच्या शेवटी कोरोना आला, शाळा बंद झाली आणि वहीही बंद पडली.

त्याच दोन वर्षांत मी जे खरोखर वाचलं, त्यातलं काहीही त्या वहीत गेलं नाही. कालनिर्णयची पाठची बाजू कुठल्या रकान्यात लिहायची? आजीच्या ट्रंकेतली जुनी पोस्टकार्डं? शेव-उसळीच्या गाडीवर हातात आलेल्या कागदावरची अर्धी बातमी?

मी आता बारावीला आहे. बडोद्यात आमची ही चौथी पिढी. घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे हिंदी आणि गुजराती हे विषय. मराठी शाळेत कधीच नव्हती. म्हणजे मी वाचलेलं मराठीतलं एकूण एक अक्षर शाळेबाहेरचं आहे. त्याला कधी गुण मिळाले नाहीत, त्याची कधी परीक्षा झाली नाही. म्हणून ‘अवांतर वाचन’ हा शब्द मला खटकतो. इतरांसाठी ते अवांतर असेल, माझी भाषा माझ्याकडे राहिली ती त्याच्याच जोरावर.

मुलं वाचत नाहीत, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घरी, शाळेत, मंडळाच्या कार्यक्रमात, सगळीकडे. तक्रार करणाऱ्यांची कळकळ खरी आहे, पण त्यांचे उपाय चुकतात असं मला वाटतं. वाचन वाढवायचं म्हटलं की पहिल्यांदा मोजायची सोय केली जाते: स्पर्धा, सारांश, तक्ते, प्रमाणपत्रं. पुस्तकं मुलांच्या हाताशी कुठे आणि किती आहेत, हे विचारायचं मात्र राहून जातं. माझं म्हणणं उलटं आहे. आम्ही काय वाचलं याचा हिशेब मागू नका. हिशेबाला जेवढी मेहनत लागते, तेवढी पुस्तकं आमच्या दारापर्यंत आणण्यावर खर्च करा.

माझं पहिलं मराठी वाचन ओट्यापाशी झालं. आमच्याकडे कालनिर्णय फ्रीजशेजारच्या खिळ्याला असतं. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, बाईंच्या सुट्ट्या, सगळं त्याच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं. महिना उलटला की आजी पान मागे टाकायची आणि मग पाठीमागचा मजकूर वर यायचा. एकदा ती थालीपिठाचं बघत होती आणि चष्मा सापडत नव्हता. मला म्हणाली, ‘वाच गं जरा.’ मी तिसरीत होते. देवनागरी मला हिंदीमुळे येत होती. मी वाचलं, ‘साहित्य’, आणि थांबले. हिंदीच्या तासाला साहित्य म्हणजे कविता, कहानी. इथे त्याच्याखाली दोन वाट्या भाजणी, एक कांदा आणि चवीपुरतं मीठ होतं. मी विचारलं, हे साहित्य कसं? आजी म्हणाली, ‘ज्याच्यातून काहीतरी करायचं ते साहित्य.’ पुढे ‘कृती’ आली, तीही मी वाचली, थालीपीठ तव्यावर गेलं. कुणी मला शिकवायला बसलं नव्हतं. कांदा किती घालायचा ते कळायला हवं होतं, म्हणून मी वाचलं.

त्या पानांवर मला माझी भाषा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. ती मी आधी फक्त कानांनी ओळखत होते. ‘जग’ हा शब्द घ्या. ‘सगळं जग’ म्हणताना त्यातला ज वेगळा आणि ‘सुखाने जग’ म्हणताना वेगळा, पण कागदावर दोन्ही सारखेच. हिंदीवरून मराठी वाचू पाहणारी माझी मैत्रीण तिथे हमखास अडते. मी अडत नव्हते, कारण कान तयार होते. मी अडले ते ‘ऱ्या’पाशी. कोयरीसारखा वाकडा तो अर्धा र ना हिंदीच्या पुस्तकात होता ना गुजरातीच्या. आजीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला दोन शब्द लिहून दाखवले: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, एक डोंगरातली. मला तेव्हा वाटलेला आनंद अजून आठवतो. एवढ्याशा रेघेने पाणी जाऊन डोंगर येतो! वाचनाच्या वहीत हा आनंद लिहायचा झाला असता तर ‘काय शिकायला मिळालं’मध्ये मी काय लिहिलं असतं? ‘शुद्धलेखनाचे महत्त्व’ लिहिलं असतं, आणि ते खोटं झालं असतं.

मोजणीने वाचनाचं नेमकं हेच होतं. मूल जे सांगता येईल तेच वाचायला लागतं, किंवा वाचल्याचं सांगायला लागतं. ज्याचा बोध काढता येत नाही, जे अर्धवट सोडलं, जे चार वेळा तेच तेच वाचलं, त्याची लाज वाटू लागते. मी एका जुन्या मासिकातला विहिरीवरचा लेख बहुतेक दहा वेळा वाचला असेन. पायऱ्यांच्या विहिरी कशा खोदत, पाणी उतरलं की माणसं किती खाली जात, असं काहीसं होतं त्यात. दहा वेळा का वाचला ते मला आजही सांगता येणार नाही, आणि तशी गरजही वाटत नाही.

ते मासिक पस्तीवाल्याकडून आलेलं. महाराष्ट्रात ज्याला रद्दी म्हणतात तिला आमच्याकडे गुजरातीच्या सवयीने मराठी माणसंही पस्ती म्हणतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे. तिथे आई वर्तमानपत्रं घालायला जायची आणि मी ढिगाशी बसायचे. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांची आवराआवर झाली की त्यांची कपाटं तिथे येतात: दिवाळी अंक, बायकांची मासिकं, पाठ्यपुस्तकं, कुणाकुणाच्या बक्षीस मिळालेल्या प्रती. काका तराजूत टाकायचे आणि वजनाने द्यायचे. मी आठशे ग्रॅम दिवाळी अंक घेतल्याचं मला पक्कं आठवतं, कारण किलोला दोनशे ग्रॅम कमी पडत होते आणि काकांनी वरून एक अंक तसाच ठेवला होता. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून मराठीत ही प्रथा सुरू झाली असं मानतात. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा माझ्यापर्यंत पोचली ती पस्तीच्या तराजूतून. टाळेबंदीत शाळा नव्हती, वही नव्हती, आणि पलंगाखाली हा गठ्ठा होता. त्या दीड वर्षात मी जेवढं वाचलं, तेवढं ना आधी कधी वाचलं ना नंतर.

काही जण म्हणतील, तुझ्या आजीमुळे तुला जमलं, पस्तीचं दुकान जवळ होतं म्हणून जमलं. अगदी खरं आहे, आणि माझा मुद्दाही हाच आहे. हे नशिबावर का सोडायचं?

आमच्या शहराने एके काळी ते नशिबावर सोडलं नव्हतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केलं. हे शाळेत आम्हाला शिकवतात. त्याचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला गावात वाचायलाच काही नसेल तर तो चार-पाच वर्षांत अक्षरं विसरतो आणि सक्तीच्या शाळेवरचा खर्च मातीत जातो, हे महाराजांनी ओळखलं होतं. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानात स्वतंत्र ग्रंथालय खातं उभं राहिलं. राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. बॉर्डन तीन वर्षांनी परत गेले, पण काम थांबलं नाही. ज. स. कुडाळकरांनी ते पुढे नेलं, आणि गावागावांत वाचनालयं काढण्यासाठी मोतीभाई अमीन या शिक्षकाने आयुष्य वेचलं.

त्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे पैशांची वाटणी. गावाने वाचनालयासाठी जेवढे जमवायचे, तेवढेच प्रांत पंचायतीने आणि तेवढेच सरकारने घालायचे. कुणालाही हात झटकता येत नव्हते. दुसरी म्हणजे पेट्या. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जायच्या, गावाचं वाचून झालं की परत यायच्या. पेटी पोचवणं हे खात्याचं काम. तिच्यातलं कुठलं पुस्तक उचलायचं हे गावकऱ्याने ठरवायचं.

मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय मी आठवीनंतर बाबांबरोबर पाहिलं. तिथल्या पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आहेत आणि मजल्यांची जमीन काचेची, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. विजेचे दिवे आजच्यासारखे नव्हते त्या काळी कुणीतरी एवढा बारीक विचार केला, की खालच्या फळीवरच्या पुस्तकाचं नावही माणसाला दिसलं पाहिजे. मी बराच वेळ तिथे खाली बघत उभी होते.

आज शहर केवढं वाढलंय. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार यांच्यापलीकडे मैलोगणती सोसायट्या झाल्या. तिथल्या सहावी-सातवीतल्या मुलाला एकट्याने मांडवीला कोण पाठवेल? तो पाचला शाळेतून सुटतो, सातला क्लासमधून. त्याला पायी किंवा सायकलने पोचता येईल आणि सातनंतरही उघडं असेल असं वाचनालय हवं. बरं, जिथे वाचनकक्ष आहेत तिथेही स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी दादा-ताई मंडळी आपापली गाइडं घेऊन बसलेली दिसतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, घरी जागा नसते म्हणून ती तिथे येतात. पण जागा वापरली जाते, कपाटं मात्र बंद राहतात. गुजरातेत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा २००१ मध्ये झाला. तो नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगणापर्यंत कधी पोचणार, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

इथे आपल्या मराठी मंडळींशीही थोडं बोलायचं आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झालं. मी पाचवीत होते, आजी मला घेऊन गेली होती. भाषणं मला कळली नाहीत. पुस्तकांच्या दालनात आजी म्हणाली, ‘एक घे, तुला हवं ते.’ मी सापांची माहिती देणारं पातळ पुस्तक घेतलं. शेजारच्या एक ओळखीच्या काकू आजीला म्हणाल्या, ‘अहो, काहीतरी चांगलं घेऊन द्या तिला.’ आजीने सापांचेच पैसे दिले. त्यानंतर वाढदिवसाला, मुंजीला, बक्षीस म्हणून मला तीन जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या मिळाल्या. आवर्जून, प्रेमाने दिलेल्या. अकराव्या वर्षी मी त्यांतलं एक पान पुढे जाऊ शकले नाही आणि मला वाटलं, मराठी आपल्याला जमणारच नाही. ज्या मुलाला शाळेत मराठी नाही, त्याला पहिलं पुस्तक सहाशे पानांचं देणं म्हणजे पोहायला येत नसताना थेट सूरसागर तलावात उतरवणं आहे. त्याला आधी पाककृती लागते, साप लागतात, विनोदाचं सदर लागतं, लहान वाक्यं लागतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या घरी पेढे आले, मलाही मनापासून आनंद झाला. पण त्या आठवड्यात घरी आलेल्या पाहुण्यांपैकी एकानेही माझ्या धाकट्या भावाला, तुला काय वाचायला आवडतं, असं विचारलं नाही. ‘मराठी वाचता येतं का रे?’ एवढंच सगळ्यांनी विचारलं, आणि वर्तमानपत्र पुढे करून वाचून दाखवायला लावलं. तो तीन दिवस पाहुणे आले की आतल्या खोलीत जात होता.

हाच भाऊ सहावीत आहे आणि घरात सगळ्यांत जास्त क्रीडापान वाचतो. गुजराती वर्तमानपत्राचंही, मराठीचंही मोबाईलवर. शाळेत गुजराती अक्षरं शिकला, पण वेग आला तो धावफलकाखालच्या मजकुराने. आई म्हणते, हे काय वाचन आहे? मी म्हणते, आहे. परवा त्याने बाबांना विचारलं की फॉलोऑन द्यायचा की नाही हे कर्णधार कशावरून ठरवतो. खेळपट्टी, हवामान, गोलंदाजांची दमछाक, यावर दोघं अर्धा तास बोलत होते. ज्या वाचनातून असा प्रश्न पडतो त्याला हलकं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

मग काहीही वाचलं तरी चालेल का, असं कुणी विचारेल. मोबाईलवर तर मुलं दिवसभर वाचतच असतात. मोबाईलवरचं वाचन हे वाचनच आहे, यावर मी ठाम आहे, पण त्यात एक उणीव मला स्वतःला जाणवते. पस्तीच्या ढिगात हात घातल्यावर विहिरीवरचा लेख मिळाला, तो मी शोधत नव्हते आणि माझ्या आवडीनिवडी ताडून कुणी तो माझ्यापुढे ठेवलाही नव्हता. मोबाईल मला कालच्यासारखंच आज दाखवतो. कपाटापुढे उभं राहिलं की शेजारच्या पुस्तकाकडे नजर जाते. म्हणून मोबाईल काढून घ्या असं माझं म्हणणं नाही. त्याच्या जोडीला असं कपाट द्या, ज्याला माझ्याबद्दल काहीच माहीत नाही.

वेळेचा प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. अकरावीपासून माझं वाचन निम्म्याहून कमी झालं. विज्ञान शाखा, क्लास, आठवड्याच्या चाचण्या. रात्री पुस्तक हातात घेतलं की अपराधी वाटतं, की एवढ्या वेळात एक प्रकरण झालं असतं. ही अपराधी भावना मला कुणी मुद्दाम दिलेली नाही, पण ती घराघरात आहे आणि तिच्याबद्दल मोठ्यांनी बोलायला हवं. मी झोपण्याआधी वीस मिनिटं वाचते. त्या वीस मिनिटांबद्दल बाबांनी आजपर्यंत एक शब्दही काढलेला नाही, आणि त्याची किंमत मला कळते.

गेल्या गणपतीत आमच्या मंडळात मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी एक गोष्ट केली. विसर्जनानंतर सामान ठेवायच्या खोलीतली पत्र्याची रिकामी ट्रंक मागून घेतली, पुसली, आणि चाळीस पुस्तकं भरून वाडीच्या ओट्यावर ठेवली. मराठी, गुजराती, थोडी हिंदी-इंग्रजी. माझं सापांचं पुस्तक आणि दिवाळी अंकही त्यात आहेत. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून खाली दोन विटा लावल्या. कुलूप लावलं नाही. जानेवारीत मोजलं तेव्हा आमच्या चाळीसपैकी एकतीस जागेवर होती, आणि सहा अशी होती जी आम्ही ठेवलेलीच नव्हती. त्यातल्या एका गुजराती बालगीतांच्या पुस्तकावर कुण्या बाईंचं नाव आणि १९७१ साल शाईने लिहिलेलं आहे. ट्रंकेच्या झाकणावर बसून दोन मुलं वाचत असतात आणि तिसऱ्याला ती उघडायची असते, यावरून रोज संध्याकाळी भांडणं होतात.

मंडळातल्या वडीलधाऱ्यांना हे आवडलंय. आता त्यांनी सुचवलं आहे की पुस्तक नेणाऱ्या प्रत्येक मुलाने त्यावर पाच ओळी लिहून द्याव्यात, आणि वर्षभरात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला पुढच्या गणपतीत व्यासपीठावर बक्षीस द्यावं. त्यासाठी एक वहीसुद्धा आणून ठेवली आहे, लाल पुठ्ठ्याची, रकाने आखलेली. बाहेर गेलेल्या नऊ पुस्तकांचीही त्यांना काळजी आहे. पुस्तक कुणाकडे आहे एवढीच नोंद ठेवायची असेल तर माझी हरकत नाही, ती मी स्वतः लिहीन. बाकीचे रकाने नकोत. रविवारी आरतीनंतर बैठक आहे. माझी पूर्वपरीक्षा सोमवारी आहे, तरी मी जाणार आहे आणि मंडळातल्या काकांसमोर उभं राहून हेच सांगणार आहे.